अणुअपघात किती मोठा हे सांगायचं कसं? इनेस, स्माइथ आणि मीटरचं रीडिंग

कॉलेजात किंवा गावातल्या आपत्ती व्यवस्थापनाच्या शिबिरात अणुअपघातावर बोलायचं ठरलं, की लोकांसमोर कोणता आकडा ठेवायचा हे आधी ठरवावं लागतं. सांगली, पलूस, वाळवा या भागात मी असे तास घेतो. इनेसची पट्टी, स्माइथ यांची पट्टी आणि किरणोत्सर्ग मोजणाऱ्या मीटरचं रीडिंग, अशा तिन्ही पद्धती वापरून झाल्या आहेत. तुम्ही याच विषयावर फलक किंवा भाषण तयार करत असाल, तर माझा अनुभव कदाचित उपयोगी पडेल.

इनेसची, म्हणजे अणुघटनांचं गांभीर्य सांगणारी आंतरराष्ट्रीय पट्टी बहुतेकांना माहीत असते. 0 ते 7 पातळ्या, 4 पासून पुढे ‘अपघात’, आणि एक पायरी चढली की गांभीर्य साधारण दहापट. 1990 पासून ती वापरात आहे आणि वर्तमानपत्रात तीच छापून येते. अणुभट्टीबाहेरच्या घटनाही तिच्यात बसतात, हा तिचा मोठा गुण. 2010 साली दिल्लीच्या मायापुरी भंगारबाजारात किरणोत्सर्गी कोबाल्ट-60 असलेलं एक जुनं यंत्र सुटं केलं गेलं आणि त्यात एकाचा जीव गेला. ती पातळी 4. हे उदाहरण मुलांना लगेच पोचतं, कारण भंगारवाला प्रत्येक गावात असतो.

अडचण येते ती पातळी 5 समजावताना. 1979 चा अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंड अणुप्रकल्पाचा अपघात पातळी 5, आणि 1987 मध्ये ब्राझीलच्या गोयानियात घडलं तेही 5. पहिल्या ठिकाणी भट्टीचा गाभा वितळला, पण बाहेरच्या लोकांपर्यंत फार थोडा किरणोत्सर्ग पोचला. दुसरीकडे भट्टीच नव्हती. बंद पडलेल्या दवाखान्यातून उचललेलं किरणोत्सर्गी सिझियमचं उपकरण फोडलं गेलं आणि चार माणसं गेली. इनेस लोकांना झालेली इजा, प्रकल्पाच्या आतलं नुकसान आणि सुरक्षेच्या थरांना पडलेली भगदाडं असं तीन अंगांनी पाहते आणि शेवटी एकच आकडा देते. तो कोणत्या अंगाने आला, हे दरवेळी वेगळं सांगावं लागतं.

ब्रिटिश भूभौतिकशास्त्रज्ञ डेव्हिड स्माइथ यांनी 2011 मध्ये सुचवलेली पट्टी या बाबतीत स्वच्छ आहे. बाहेर किती किरणोत्सर्ग गेला तेवढंच मोजायचं आणि त्याचा लॉगॅरिदम घ्यायचा, म्हणजे एक अंक वाढला की दहापट. वर मर्यादा नाही, मधले दशांशही मिळतात. इनेसमध्ये चेर्नोबिल आणि फुकुशिमा दोन्ही 7 वर येऊन थांबतात. प्रत्यक्षात फुकुशिमातून बाहेर पडलेला किरणोत्सर्ग चेर्नोबिलच्या साधारण दहाव्या हिश्शाइतका होता. स्माइथ यांच्या पट्टीत चेर्नोबिल 8.0 आणि फुकुशिमा 7.5 असा फरक निदान दिसतो. भौतिकशास्त्राच्या वर्गाला ही पट्टी जरूर दाखवावी. पण याच पट्टीत थ्री माइल आयलंडला 7.9 मिळतात, म्हणजे फुकुशिमापेक्षा जास्त. कारण तिथून बाहेर पडले ते मुख्यतः झेनॉनसारखे निष्क्रिय वायू. ते हवेत विरून जातात, जमिनीला किंवा गवताला धरून राहत नाहीत. गावातल्या माणसाला 7.9 सांगितलं तर त्याची उगाच झोप उडेल.

तरी माझा निर्णय या त्रुटींवर झाला नाही. प्रत्येक शिबिरात, जैतापूरचा विषय निघाला की कुणीतरी उठून विचारतंच, “सर, मग आम्ही घर सोडायचं का थांबायचं?” वरच्या दोन्ही पट्ट्यांजवळ याचं उत्तर नाही. इनेसच्या पुस्तिकेतच लिहिलं आहे की आणीबाणीत काय करायचं हे या पातळीवरून ठरवू नये. फुकुशिमात 12 मार्च 2011 ला पातळी 4 सांगितली गेली, 18 मार्चला 5 झाली आणि 12 एप्रिलला 7. वीस किलोमीटरच्या आतल्या लोकांना घरं सोडायला मात्र 12 मार्चलाच सांगितलं होतं.

इताते गावाचं उदाहरण तर मला विसरता येत नाही. ते फुकुशिमा प्रकल्पापासून तीस किलोमीटरच्याही पलीकडे, वायव्येला. 15 मार्चला वारा तिकडे वळला, पाऊस-बर्फ पडला आणि गावात मीटरचं रीडिंग तासाला 40 मायक्रोसिव्हर्टच्या (शरीराला मिळणाऱ्या किरणोत्सर्गाच्या मात्रेचं एकक) वर गेलं. एरवी तिथे ते 0.1 च्याही खाली असायचं. गाव सोडायचा सरकारी आदेश एप्रिलमध्ये आला. त्या महिनाभरात देशाला मिळालेले 4, 5 आणि 7 हे आकडे इताते गावाबद्दल काहीच सांगत नव्हते. सांगत होतं ते मीटर.

आपल्याकडे पुराच्या दिवसांत कोणी ‘महापूर पातळी अमुक’ असं विचारत नाही. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी किती फुटांवर आहे, एवढंच विचारतात. 40 ला इशारा, 45 ला धोका. आणि सूर्यवंशी प्लॉटमधल्या माणसाला आपल्या दारात पाणी कधी येतं हे फुटांवरून कळतं. तासाला किती मायक्रोसिव्हर्ट, कुठे आणि किती वाजता, हा आकडा मला तसा वाटतो.

हा पर्याय निर्दोष आहे असं मी म्हणणार नाही. मिली आणि मायक्रोचा घोटाळा हजारपटीचा होतो, म्हणून फलकावर एकच एकक ठेवलेलं बरं. शिवाय मीटर हवेतलं दाखवतं, दुधातलं नाही. चेर्नोबिलनंतर मुलांमध्ये थायरॉइडचा कर्करोग वाढला, त्यात किरणोत्सर्गी आयोडीन-131 असलेल्या दुधाचा मोठा वाटा होता. 1957 मध्ये इंग्लंडात विंडस्केलच्या अणुभट्टीला लागलेल्या आगीनंतर आसपासच्या गोठ्यांतलं दूध ओतून द्यावं लागलं होतं. ज्या जिल्ह्यात गावोगाव दूध संकलन केंद्रं आहेत, तिथे ही गोष्ट सांगितल्याशिवाय तास संपवू नये.

माझ्या फलकावर आता चार रकाने असतात: ठिकाण, वेळ, तासाला मायक्रोसिव्हर्ट, आणि काय करायचं. तिसऱ्या रकान्यात तुलनेसाठी 3.8 हा आकडा लिहितो. जपानने वर्षाला 20 मिलिसिव्हर्टच्या मर्यादेवरून तो काढला होता. खाली दुधाची वेगळी ओळ, लिटरमागे बेक्वेरेलमध्ये (पदार्थात किरणोत्सर्ग किती हे मोजायचं एकक). इनेसची पातळी मी जुन्या अपघातांच्या यादीत वर्षाशेजारी लिहितो. तिथे ती चांगली बसते. स्माइथ यांची पट्टी बारावी सायन्सच्या मुलांनी लॉगॅरिदमचा विषय काढला की काढतो.