बोर्दो २०१३: पावसाने झोडपलेल्या सालातलं काय घ्यावं, काय सोडावं

दुकानात फ्रान्सच्या बोर्दो प्रदेशातली २०१३ सालची लाल वाइन शेजारच्या २०१२ किंवा २०१४पेक्षा स्वस्त दिसली, की हात लगेच पुढे जातो. नामांकित शातो (म्हणजे द्राक्षमळा असलेलं वाइनघर), दहा वर्षांहून जुनी बाटली आणि भाव आवाक्यात. घ्यायला हरकत नाही, पण नदीच्या कोणत्या काठाची घ्यायची आणि मुळात लालच का, हे आधी ठरवा. त्या साली एकाच प्रदेशात लाल वाइनचे हाल झाले आणि गोड वाइन सुरेख उतरली.

२०१३चा वसंत थंड आणि ओला गेला. जूनमध्ये वेली फुलोऱ्यात असताना पावसाने पाठ सोडली नाही आणि प्रचंड फुलगळ झाली. जे मणी धरले तेही एकसारखे नव्हते. एकाच घडात काही टपोरे, तर काही वाटाण्याहून लहान आणि शेवटपर्यंत हिरवेच. आपल्याकडच्या द्राक्षबागायतदाराला असा घड दाखवला तर पुढचं काही सांगावं लागणार नाही. जुलैत छान ऊन पडलं, पण २ ऑगस्टच्या गारपिटीने आंत्र-द-मेर भागातल्या बागा झोडपल्या. सप्टेंबरच्या शेवटी दमट, उबदार हवेत पुन्हा पाऊस आला आणि घडकूज झपाट्याने पसरली. थांबावं तर घड सडतात, तोडावं तर बिया अजून हिरव्या. बहुतेकांनी तोडणी उरकून घेतली.

डावणी या द्राक्षावरच्या बुरशीरोगाचं औषध याच बोर्दोने जगाला दिलं. तिथल्या विद्यापीठातल्या मिलार्दे यांनी १८८५ साली मांडलेलं बोर्डो मिश्रण नाशिक-सांगलीच्या बागांत आजही फवारतात. पण फुलगळ आणि तोडणीच्या तोंडावर आलेली कूज यांच्यापुढे त्याचा इलाज चालत नाही.

आता दोन काठ. उजव्या काठावर, म्हणजे पोमेरोल आणि सेंत-एमिलियोंमध्ये, मेर्लो या लाल द्राक्षाच्या जातीचं राज्य आहे. मेर्लो लवकर फुलते, त्यामुळे जूनचा पाऊस तिलाच जास्त भोवला. तिची सालही पातळ, म्हणून कूज आधी तिला धरते. डाव्या काठावर, मेदोकमध्ये, गोट्यांची जमीन पाणी धरून ठेवत नाही आणि तिथल्या काबेर्ने सोव्हिन्यों या द्राक्षाची साल जाड असते. तीही पूर्ण पिकली नाही, पण टिकली. शातो मार्गोने त्या वर्षी आपल्या मुख्य वाइनमध्ये मेर्लो अजिबात घातली नाही. ९४ टक्के काबेर्ने सोव्हिन्यों वापरली. त्या सालाबद्दल एवढा एकच आकडा लक्षात ठेवायचा असेल तर हा ठेवा.

दोन्ही काठांचे पेले शेजारी ठेवून चाखले की फरक लगेच कळतो. उजव्या काठाच्या बऱ्याच वाइन सुरुवातीला मऊ लागतात, पण घोट मध्येच विरळ होतो आणि शेवटी ओल्या पानांसारखा वास मागे राहतो. डाव्या काठाची चांगली वाइन हलकी असते. तिला लाल करंट या बारीक फळाचा आंबटपणा आणि शिसपेन्सिलीचा वास असतो. अंगाने सडपातळ, पण सरळ.

काठापेक्षाही मोठा फरक पडतो तो वाइन कशी काढली यावर. द्राक्षांची सालं कच्ची असतानाही ज्यांनी ती जोर लावून पिळली, त्यांच्या वाइनचा रंग गडद आहे, पण तुरटपणा कोरडा आणि हिरड्यांना चिकटणारा. तो वर्षं उलटली तरी मऊ होत नाही. ज्यांनी हात आखडता घेतला, त्यांची वाइन फिकट आहे आणि आज प्यायला सुखाची आहे. म्हणून या सालात गडद रंगाला भुलू नका.

बोर्दोतल्याच पेसाक-लेओन्यां भागात कोरड्या (गोड नसलेल्या) पांढऱ्या वाइनच्या द्राक्षांची तोडणी पाऊस आणि कूज यांच्या आधी झाली. थंडीमुळे आंबटपणा टिकला, वाइन ताजीतवानी झाल्या. मात्र आता फक्त नावाजलेल्या शातोच्याच घ्या. साध्या पांढऱ्यांचे दिवस सरले.

माझा खरा जीव आहे तो सोतेर्न आणि बार्साक या बोर्दोतल्या गावांच्या गोड वाइनवर. लाल द्राक्षं नासवणारी बुरशीच इथे हवी असते. थंड सिरों नदी गारोनला मिळते तिथे शरद ऋतूत सकाळी धुकं धरतं, त्यात बुरशी वाढते. दुपारी ऊन पडलं की सेमियों या पांढऱ्या द्राक्षाच्या मण्यांतलं पाणी उडून जातं आणि साखर व आंबटपणा दोन्ही घट्ट होतात. तोडणारे एकच वेल पुन्हा पुन्हा फिरून नेमके सुरकुतलेले मणी काढतात. पावसाने पिकावर पाणी पडलं म्हणून सोतेर्नच्या शातो दिकेमने २०१२ची वाइन काढलीच नाही. २०१३ची मात्र काढली. त्या सालच्या सोतेर्नमध्ये जर्दाळू, संत्र्याची साल आणि केशराचा वास आहे, आणि गोडीला आंबटपणाची अशी धार आहे की दुसरा घोट जड होत नाही. ३७५ मिलिलीटरची अर्धी बाटली चौघांना पुरते.

लालच हवी असेल तर शेजारची सालं बघा. २०१२मध्ये मेर्लो चांगली पिकली, तेव्हा उजव्या काठासाठी ते साल घ्या. २०१४चा उन्हाळा काही खास नव्हता, पण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये लख्ख ऊन पडलं आणि काबेर्ने पिकली. डाव्या काठासाठी, विशेषतः सेंत-एस्तेफमधली, मी थोडे जास्त पैसे देऊन २०१४च घेईन. भावात फारसा फरक नसेल तर २०१३ची लाल घेण्यात अर्थ नाही. विक्रीला काढतानाही बऱ्याच शातोंनी तिचे भाव पुरेसे उतरवले नव्हते. भारतात तर आयात शुल्क चढल्यावर हा फरक आणखी नीट तपासावा लागतो.

तरीही मेदोकची २०१३ स्वस्तात मिळाली, तर तळघरात ठेवू नका, या वर्षीच उघडा. जरा गार करा, मोठ्या पेल्यात ओता आणि साध्या भाजलेल्या कोंबडीबरोबर प्या. मसालेदार रश्श्यापुढे तिचा टिकाव लागणार नाही. सोतेर्नला मात्र घाई नाही. ती अजून दहा वर्षं आरामात टिकेल.