म्हाताऱ्या मांजराला घरी सलाईन द्यायचं सामान: काय घ्यावं, काय घेऊ नये (कोल्हापूर)

किडनीचा आजार असलेल्या मांजराला घरच्या घरी कातडीखालून सलाईन द्यायला जे सामान लागतं त्याचा हा रिव्ह्यू. आरएलची (रिंगर लॅक्टेट सलाईनची) बॉटल, आयव्ही सेट (बॉटलपासून सुईपर्यंतची नळी), सुया, वजनकाटा आणि थोडं खाण्याबद्दल. आधीच सांगतो, सगळ्यात जास्त फरक सुईने पडतो. बॉटल कुठल्या कंपनीची याने काही होत नाही. लोक बॉटलची दहा ठिकाणी चौकशी करतात आणि सुई मात्र मेडिकलवाला देईल ती घेऊन घरी येतात, मग मांजर ओरडतं, ओरबाडतं आणि दोन दिवसात सगळं बंद पडतं.

आमची ठमी आता 16 वर्षांची. क्रिएटिनिन (रक्ताच्या तपासणीत किडनीची हालत सांगणारा आकडा) 3 च्या वर गेलंय, म्हणजे किडनीचा आजार किती पुढे गेलाय ते ठरवायला डॉक्टर लोक आयरिस म्हणून जी पद्धत वापरतात त्यात स्टेज 3, 2.9 ते 5.0 मधलं. किडनीला लघवी घट्ट करता येत नाही म्हणून मांजर भांडंभर पाणी पितं, तेवढंच बाहेर टाकतं आणि तरी अंगात पाणी कमीच पडत राहतं, त्यातून मळमळ, खाणं बंद, शी खडा होणे हे सगळं. सलाईनने किडनी बरी होत नाही, ते कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका, पण अंगातलं पाणी भरलं की मांजर उठून खायला येतं, आणि या वयात तेवढं पण लई आहे.

आता दवाखान्यात का नको? डॉक्टर चांगलेच आहेत, प्रश्न रस्त्याचा आहे. पिशवीत किंवा टोपलीत घालून रिक्षातून न्यायचं, बिंदू चौकात हॉर्न, दवाखान्यात शेजारी भुंकणारं कुत्रं, आणि गणपतीच्या दिवसात महाद्वार रोडच्या बाजूला तर विचारूच नका. एवढं सोसून सलाईन घेऊन आलेलं म्हातारं मांजर घरी येऊन कपाटाखाली बसतं आणि दिवसभर खात नाही, मग त्या सलाईनचा उपयोग काय. घरी तेच काम पाच-दहा मिनिटात होतं, तिच्या नेहमीच्या गोधडीवर. पण सुरुवात डॉक्टरांनी समोर करून दाखवल्यावरच करायची. किती द्यायचं, किती दिवसांनी द्यायचं, मुळात द्यायचं का, हे तेच ठरवणार. हृदयाचा त्रास असलेल्या मांजराला जादा सलाईन झालं तर छातीत पाणी होऊन जीवावर बेतू शकतं.

बॉटल. मेडिकलमध्ये नुसतं "सलाईन द्या" म्हणू नका. रिंगर लॅक्टेट म्हणा किंवा आरएल 500. नुसतं सलाईन म्हटलं की डीएनएस हातात येऊ शकतं, म्हणजे त्यात डेक्स्ट्रोज, साखर, ती कातडीखालून द्यायची नसते, गळू होऊ शकतं. एनएस, म्हणजे साधं मिठाचं सलाईन, चालतं पण ते थोडं झोंबतं, आरएल शांतपणे जातं. आम्ही दोन-तीन कंपन्यांच्या आरएल वापरल्या, ठमीला काडीचा फरक नाही, त्यामुळे स्वस्त मिळेल ती घ्या, फक्त तारीख बघा आणि उजेडाला धरून बघा, गढूळ किंवा आत काही तरंगताना दिसलं तर परत करा. 4 किलोच्या मांजराला साधारण 100 मिली सांगतात, म्हणजे एक बॉटल पाच वेळा जाते. बॉटलवर एकदाच वापरा असं लिहिलेलं असतं, घरी पुरवून वापरताना किती दिवस चालवायची ते डॉक्टरांना विचारून घ्या आणि तेवढेच दिवस चालवा.

सेट. यात एक बारीक गोष्ट आहे जी कोणी सांगत नाही. आपल्याकडच्या बॉटल प्लॅस्टिकच्या पण थोड्या ताठ असतात, पाणी खाली उतरलं की आत हवा जायला जागा लागते, नाहीतर धार मंदावते. दवाखान्यात पटकन वरून एक सुई खुपसतात. तिथे ठीक आहे, बॉटल तासाभरात संपते, पण घरी तीच बॉटल काही दिवस पुरवायची असेल तर त्या भोकातून धूळ जंतू सगळं आत. म्हणून एअर व्हेंटवाला सेट मागायचा, त्याच्या चेंबरजवळ (जिथे थेंब पडताना दिसतात) छोटं झाकण आणि फिल्टर असतो. किमतीत फार फरक नाही. आणि मायक्रो सेट अजिबात घेऊ नका, तो लहान बाळांसाठी, 60 थेंबाला 1 मिली, साधा सेट 20 थेंबाला 1 मिली. मायक्रोवर 100 मिली जाईपर्यंत मांजर उठून गॅलरीत जाऊन बसेल. सेटला पाचपैकी साडेचार, अर्धा यासाठी कापला की चाकाचा क्लॅम्प ओल्या हाताला घसरतो.

सुई. आता मन लावून वाचा. इंजेक्शनच्या सुईचा रंग नंबरप्रमाणे ठरलेला असतो, 18 गुलाबी, 20 पिवळी, 21 हिरवी, 22 काळी, 23 निळी. नंबर लहान तेवढी सुई जाड. पण शिरेत लावायच्या कॅन्युलाचे रंग वेगळे, तिथे 20 गुलाबी आणि 18 हिरवा. त्यामुळे रंगावर सामान मागायचंच नाही, नंबर सांगायचा आणि पाकिटावर वाचून घ्यायचा. 18 ने सलाईन भरभर जातं पण टोचताना कळतं आणि काढल्यावर भोकातून थोडं गळतं. 22 ने टोचलेलं कळत नाही पण वेळ फार लागतो. ठमीला 20 एकदम बरोबर बसली. डिस्पोव्हॅनची 20 नंबर कुठेही मिळते, काम चोख. ऑनलाइन जपानी टेरुमोच्या थिन वॉल सुया मिळतात, भिंत पातळ त्यामुळे बाहेरून तेवढीच जाड पण आतलं भोक मोठं, म्हणजे धार जास्त, आणि टोकाला इतकी धार की ठमी खाता खाता मान पण वर करत नाही. महाग आहेत, पण पैसे टाकायचे तर इथेच टाका. एक सुई एकदाच. कातडीतून एकदा गेली की तिची धार गेली, दुसऱ्यांदा दुखणारच.

स्काल्प व्हेन, ज्याला बटरफ्लाय म्हणतात, ती पण वापरून बघितली. पंख धरायला सोपे, मांजर हललं तरी सुई निघत नाही कारण मधे नळी आहे. ज्यांचा हात थरथरतो किंवा एकटेच आहेत त्यांना हीच घ्या म्हणेन. 50 मिलीच्या सिरिंजमध्ये भरून तिच्यातून पण देता येतं आणि किती गेलं ते नेमकं कळतं. फक्त नळी बारीक म्हणून दाबायला जोर लागतो, आईच्याने ते होत नाही, म्हणून आमच्यात बॉटलच.

द्यायच्या आधी बॉटल कोमट पाण्याच्या पातेल्यात उभी ठेवतो, मनगटावर दोन थेंब टाकून बघतो, अंगाएवढं कोमट हवं. मायक्रोवेव्ह नको, कुठे गार कुठे चटका. बॉटल खिडकीच्या गजाला उंच, जेवढी उंच तेवढी धार. नळीतली हवा आधी काढायची, चुकून थोडी कातडीखाली गेली तरी घाबरू नका, हात लावल्यावर चरचर लागते आणि जिरून जाते. दोन खांद्यांच्या मधली सैल कातडी चिमटीत उचलायची, तंबूसारखी, आणि त्या तंबूच्या बुडाशी सुईचं तिरकं तोंड वर ठेवून पाठीला समांतर आत. हळूहळू नाही, एका दमात. केस ओले झाले तर समजा सुई पलीकडून बाहेर आली. झाल्यावर अंगठ्याने भोक अर्धा मिनिट दाबून धरायचं. तिथे मऊ फुगा येतो, तो संध्याकाळपर्यंत पुढच्या पायाकडे उतरतो, पाय जाड दिसतो, नवीन माणूस हे बघून घाबरतो, पण काही तासात जिरतं. पुढच्या वेळी द्यायला गेलो आणि आधीचंच जिरलेलं नसेल तर द्यायचं नाही, डॉक्टरांना फोन करायचा. झोपेत श्वास मिनिटाला 30 च्या वर जात असतील तरी तेच.

बॉटलवरच्या रेघांवर मात्र माझा भरवसा नाही, बॉटल जरा चेपली की वाचन हुकतं. किचनचा डिजिटल काटा घ्या, बॉटल आधी आणि नंतर ठेवा, 100 ग्रॅम कमी झालं म्हणजे साधारण 100 मिली गेलं. आणि बाळांचा वजनकाटा जरूर घ्या, ही माझी सगळ्यात आवडती खरेदी. म्हाताऱ्या मांजराचं वजन डोळ्याला कळत नाही, केस असतात ना. आठवड्याला वजन वहीत लिहिलं की 100 ग्रॅमची घट लगेच दिसते आणि डॉक्टरांना सांगायला काहीतरी ठोस हातात असतं.

खाण्याचं. रॉयल कॅनिनचं रीनल आणि हिल्सचं के/डी ही किडनीच्या मांजरांसाठीची तयार खाणी, दोन्हीत फॉस्फरस कमी. ठमीने रीनलचं पाऊच पसंत केलं, थोडं कोमट करून दिलं की वासाने येते. पण मांजर ते तोंडातच घेत नसेल तर उपाशी ठेवून शिकवायला जाऊ नका, काही दिवस न खाल्लेल्या मांजराचं लिव्हर बसतं आणि ते किडनीपेक्षा आधी घात करतं. मग जे खातंय ते द्या आणि डॉक्टरांशी बोला. आणि आपल्या कोल्हापुरातली माया आवरा. घरात कोणी आजारी पडलं की मटणाचं अळणी (तिखट न घातलेलं सूप), ते मांजराला पण एक वाटी द्यावं असं शेजारच्या काकूंना मनापासून वाटतं. त्यात कांदा-लसूण पडलेला असतो, तो मांजराचं रक्त फोडतो, वर मीठ. दूध पण नको, त्यात फॉस्फरस आहे आणि मोठ्या मांजराला ते पचत पण नाही. आणि अंग गरम लागलं म्हणून क्रोसिन, डोलो कुठलंच नाही, पॅरासिटामॉलच्या एका गोळीने मांजर मरू शकतं.

सामान कुठे मिळतं, तर सीपीआरच्या (इथल्या सरकारी दवाखान्याच्या) आसपासच्या मेडिकलमध्ये सगळ्या नंबरच्या सुया आणि व्हेंटवाला सेट बहुतेक मिळून जातो, माणसांच्या दवाखान्याचंच सामान आहे हे. डॉक्टरांची चिठ्ठी सोबत ठेवा, मांजरासाठी म्हटल्यावर कुठे हसतात, एका ठिकाणी तर सरळ नाही म्हणाले, पण चिठ्ठी दाखवली की प्रश्न येत नाही. आणि वापरलेल्या सुया कचऱ्याच्या पिशवीत टाकू नका, घंटागाडीवरच्या माणसाच्या हाताला लागतात. जाड प्लॅस्टिकच्या डब्यात झाकण लावून साठवायच्या, भरला की मांजराच्या डॉक्टरांकडे द्यायचा, आमचे डॉक्टर त्यांच्या कचऱ्याबरोबर घेतात, तुमच्या डॉक्टरांना आधी विचारून घ्या.