२३८ ला २३८ जुळले आणि १५ हजार गेले

रक्कम आधी सांगते. पेरूची राजधानी लिमा, तिथल्या जेवणाचं बिल २३८ सोल (सोल हे तिथलं चलन), म्हणजे त्या दिवशीच्या दराने साधारण ५,३४० रुपये. कार्डावरून गेले २०,७९२ रुपये ८९ पैसे. दोन माणसांचं जेवण, आणि त्यातली एक मी, जी रात्री दोन पोळ्यांत उठते.

२०२४ च्या ऑगस्टची गोष्ट. आम्ही लेकीकडे न्यू जर्सीला गेलो होतो. निदान सहा महिने मुदत उरलेला अमेरिकेचा व्हिसा हातात असला की भारतीयांना पेरूचा वेगळा व्हिसा काढावा लागत नाही, म्हणून माचू पिच्चू उरकून घेऊ म्हटलं. लिमात आधी मुक्काम, मिराफ्लोरेस भागात. म्हणजे शहराचा चांगला, पर्यटकांचा, पोलीस फिरत असलेला भाग. "अनोळखी गल्लीत कशाला गेलात?" असं विचारणाऱ्यांसाठी हे मुद्दाम लिहिते.

संध्याकाळी हॉटेलांच्या दारात उभं राहून गिऱ्हाईक आत ओढणारी पोरं असतात, त्यांना तिथे हालादोर म्हणतात. आपल्याकडे तीर्थक्षेत्री बडवे मागे लागायचे ते आपण पाहिलेलं आहे, त्यामुळे मी काही भोळी नव्हते. पण या पोराने प्लास्टिक चढवलेलं मेन्यूकार्ड पुढे धरलं. दर छापलेले, फोटो छापलेले, वर "दोन पिस्को सावर मोफत" (पिस्को ही तिथली दारू, तिचं हे पेय). छापील दर बघूनच आत गेलो. पेरूत कायद्याने मेन्यूवरच्या किमतीत कर धरलेलाच असावा लागतो हेही मी वाचून गेले होते. एवढी तयारी करून!

जेवण वाईट होतं असं म्हणणार नाही. यांनी सेव्हिचे मागवलं : लिंबाच्या रसात मुरवलेला कच्चा मासा, बाजूला रताळ्याची चकती आणि टपोऱ्या पांढऱ्या दाण्यांचा मका. मी आही दे गायिना घेतलं, पिवळ्या मिरचीच्या दाट रश्शातलं कोंबडीचं. सुरुवातीला वांकाइना सॉस घातलेले बटाटे आणि जांभळ्या मक्याच्या चिचा मोरादाचा एक जग. आता कळतं की इथेच एक खूण होती. लिमाची माणसं सेव्हिचे दुपारी खातात. त्याची चांगली दुकानं संध्याकाळच्या आत बंद होतात. रात्री आठ वाजता दारात पोरगं उभं करून सेव्हिचे विकणारी जागा तिथल्या माणसांसाठी नसतेच. रात्री कोणी सेव्हिचेला बोलावलं तर पुढे चालू लागा.

बिल आलं. सेव्हिचे ५२, कोंबडी ४६, बटाटे २८, जग ३०, 'कुबिएर्तो' म्हणजे काट्याचमच्याचे आणि पावाचे १२, आणि पिस्को सावर दोन, ७०. मोफतचे! विचारलं तर वेटर हसत म्हणाला की मोफत ते लहान, तुम्हाला दिले ते कातेद्राल, म्हणजे मोठे. आम्ही कधी मागितले मोठे? पण दोन्ही यांनी रिचवलेले होते (मी एक घोट घेतला, कच्च्या अंड्याचा फेस बघून ठेवून दिला). यांना परदेशात वाद नको असतो. म्हणाले, "जाऊ दे गं, दीड हजाराची तर गोष्ट." मी गप्प बसले. ७० सोलांसाठी धुमसत होते म्हणूनच पुढचं दिसलं नाही, असं माझं स्पष्ट मत आहे, आणि ते ७० सोल त्याचसाठी लावलेले असतात असाही माझा आता संशय आहे. माणूस एका लुबाडणुकीवर चिडलेला असला की दुसरीकडे त्याचं लक्ष नसतं.

वेटर कार्डाचं मशीन घेऊन आला. पेरूतली मशीनं सोल आणि डॉलर दोन्ही चलनांत पैसे घेतात. कुठलं चलन ते दुकानदार आधी निवडतो, मग आकडा टाकतो. त्याने मशीन माझ्यासमोर धरलं, अंगठा पडद्याच्या डाव्या कडेवर. मी बघितलं. बघितलं नाही असं कोणी म्हणू नये. बिलावर २३८, मशीनवर २३८.००. बत्तीस वर्षं बँकेत आकडे जुळवले आहेत मी, जुळले की सही. पिन टाकला. त्या अंगठ्याखाली सोलची खूण नव्हती, डॉलरची होती. २३८ डॉलर.

आकडा फुगवला असता तर मी तिथल्या तिथे पकडला असता. त्यांनी आकड्याला हातच लावला नाही. या क्षणावर मी किती रात्री तळमळले ते यांना विचारा. त्याचा अंगठा तिथे का आहे, एवढाच प्रश्न मनात यायला हवा होता. तर तुम्ही मशीन स्वतःच्या हातात घ्या. मागून घ्या, वाटलं तर हिसकावून घ्या, आणि आकड्याच्या आधी आकड्याची डावी बाजू वाचा.

वर मी त्याला २० सोल रोख टीप दिली.

मशीनची पावती मागितली तर "कागद संपला". हातात राहिलं ते बिल. तेही बिल नव्हतंच, ते होतं प्रेक्वेन्ता, नुसता हिशेबाचा कागद. कर भरल्याची खरी पावती म्हणजे बोलेता, तिच्यावर दुकानाचा अकरा आकडी करक्रमांक असतो. पेरूत कुठेही जेवा, "बोलेता" म्हणून मागा आणि ती हातात पडेपर्यंत उठू नका. हा एक शब्द मला कुठल्याही प्रवासवर्णनात भेटला नाही. तिथे सगळे माचू पिच्चूचं धुकं वर्णन करण्यात गुंग!

भारतीय सिमवर रोमिंग घेतलं नव्हतं, त्यामुळे बँकेचा एसएमएस आला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी वायफायवर ॲप उघडलं तेव्हा कळलं. तडक त्या हॉटेलात गेलो. रात्रीचा वेटर नाही, मालक नाही, कोणालाच इंग्रजी येत नाही. रात्री बरं सगळ्यांना येत होतं! पेरूत प्रत्येक दुकानात तक्रारवही ठेवणं सक्तीचं आहे, लिब्रो दे रेक्लामासिओनेस. तशी पाटीही भिंतीवर होती. वही मागितली तर म्हणाले कॉम्प्युटरवर आहे आणि कॉम्प्युटर बंद आहे. मी खुर्ची ओढून तिथेच बसले. मग चालू झाला. तक्रार नोंदवली, त्याची प्रत ईमेलवर घेतली. कायद्याप्रमाणे १५ कामकाजाच्या दिवसांत उत्तर द्यावं लागतं. उत्तर आलं, दोन ओळींचं : ग्राहकाने स्वतः पिन टाकून डॉलरमधला व्यवहार मंजूर केला आहे.

पोलीस चौकीत एक तरुण अधिकारी फार अदबीने बोलला. खुर्ची दिली, पाणी दिलं आणि सांगितलं की हा ग्राहकाचा वाद आहे, गुन्हा नाही. ग्राहकांच्या कार्यालयात गेलो तर पहिला प्रश्न, बोलेता कुठे आहे? दुसरा, लिमात किती दिवस आहात? दुसऱ्या दिवशी सकाळी माचू पिच्चूसाठी कुस्कोचं विमान होतं. समोरच्या बाईंनी पेन खाली ठेवलं.

हे परके लोक, त्यांचं एक वेळ सोडून देऊ. आपल्या बँकेचं काय? जिथे मी उमेदीची वर्षं काढली त्याच बँकेचं कार्ड. फोनवरची मुलगी : "मॅम, कार्ड प्रेझेंट होतं, पिन बरोबर होता, म्हणजे व्यवहार तुम्हीच केलाय." अगं बाई, मी कुठे नाही म्हणतेय? मी सोलमध्ये केला, त्यांनी डॉलरमध्ये घेतला! तिने तक्रार नोंदवली 'फ्रॉड' म्हणून. फ्रॉड म्हणजे कार्डधारकाने न केलेला व्यवहार. पिन माझा, त्यामुळे अर्ज फेटाळला. नंतर भाचीने शोधून काढलं की व्हिसा या कार्ड कंपनीच्या नियमांत 'चुकीचं चलन' हा वादाचा स्वतंत्र प्रकार आहे, १२.३ क्रमांकाचा. तो आकडा सांगून पुन्हा अर्ज केला तर आता म्हणे दुकानाची पावती जोडा. जी दिलीच नव्हती ती. प्रेक्वेन्ताचा फोटो पाठवला. चालत नाही. शाखेत गेले. मॅनेजर माझ्या हाताखाली शिकलेला. "मॅडम, आमच्या हातात काही नसतं, सगळं सेंट्रलाइज्ड आहे." चहा मात्र पाजला. या सगळ्यात बँकेने त्या २३८ डॉलरवर साडेतीन टक्के मार्कअप (परकीय चलनातल्या व्यवहाराचा जादा आकार) लावला, ६९८ रुपये ८९ पैसे, आणि त्या मार्कअपवर जीएसटी १२५ रुपये ८० पैसे. लुबाडणुकीवरही बँकेचं कमिशन!

तुमच्यावर ही वेळ आली तर फ्रॉड हा शब्द तोंडातून काढू नका. चुकीचं चलन म्हणा, लेखी द्या, तक्रारीचा क्रमांक घ्या. आणि मशीनने भारतीय रुपयांत घेऊ का विचारलं तरी नाहीच म्हणा, त्यांचा दर तुमच्या बँकेहून वाईट असतो.

पेरूची माणसं वाईट आहेत असा याचा अर्थ काढू नका. लिमातल्याच सुर्कियोच्या मंडईत १५ सोलमध्ये सूप, भरपेट जेवण आणि चिचा मिळाली. पाटीवर दर, रोख पैसे, सुटे मोजून परत. दारात कोणी बोलवायला उभं नव्हतं.

तीस दिवसांत बँकेने दाद दिली नाही की रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. तो अर्ज टाकला आहे. गणपतीत धाकटे दीर म्हणाले, "वहिनी, पंधरा हजारांसाठी किती ते कागद! सोडून द्या ना." १५,४५३. म्हटलं, भाऊजी, तुम्ही देता का? मग लगेच सोडते.