सॉफ्टवेअर गेले तरी फाइल उरली पाहिजे

एका सशुल्क लेखन-सॉफ्टवेअरमध्ये मी जपून ठेवलेली टिपणे ते सॉफ्टवेअर बंद पडल्यानंतर कोणत्याही मार्गाने उघडली नाहीत. तेव्हापासून रोजच्या वापरासाठी काहीही निवडताना, ते उद्या नाहीसे झाले तर माझ्या फाइल मला वाचता येतील का, एवढेच मी आधी पाहतो. या कसोटीला उतरून माझ्या संगणकावर टिकलेली बहुतेक सॉफ्टवेअर मुक्तस्रोत, म्हणजे ज्यांचा मूळ संकेत कोणालाही पाहता-बदलता येतो अशी, आहेत.

त्यांत पहिला मान लेखन आणि तक्त्यांसारखी कार्यालयीन कामे करणाऱ्या लिब्रेऑफिसचा. ओपनऑफिस या तशाच सॉफ्टवेअरच्या चमूतील अनेक जण सप्टेंबर २०१० मध्ये वेगळे झाले आणि त्यांच्या प्रयत्नांतून हे सॉफ्टवेअर उभे राहिले. त्याचा चेहरामोहरा जुनाट वाटतो, मेनूंची गर्दी आहे आणि पहिल्यांदा उघडताना ते जरा वेळ घेते. तरीही माझे सगळे लेखन मी त्यातच करतो. याचे कारण त्याचे ओडीटी हे फाइल-स्वरूप. ते दस्तऐवजांसाठीच्या ज्या ओडीएफ या खुल्या मानकाचा भाग आहे, त्याला २००६ सालीच आंतरराष्ट्रीय मानकाची मान्यता मिळालेली आहे आणि अशी फाइल आतून साधी झिप फाइलच, म्हणजे अनेक फाइलींचे एकत्र दाबून बांधलेले गाठोडेच, असते. एकदा माझा एक लांबलचक मसुदा काही केल्या उघडेना, तेव्हा मी ती फाइल सेव्हन-झिपने उघडली, आतली ‘कंटेंट.एक्सएमएल’ बाहेर काढली आणि खुणांच्या जंजाळातून का होईना, सगळा मजकूर परत मिळवला. सेव्हन-झिपविषयी याहून अधिक काही सांगण्याची गरज नाही. ते लहान आहे, वेगवान आहे आणि आपले काम करून बाजूला होते.

लिब्रेऑफिसची खरी अडचण दुसऱ्याने पाठवलेल्या वर्डच्या फाइलमध्ये जाणवते. तक्ते सरकतात, पानांची संख्या बदलते. यातला बराचसा दोष फॉन्टचा असतो. कॅलिब्री संगणकावर नसेल, तर अक्षरांची रुंदी त्याच्याशी जुळणारा कार्लिटो बसवून घ्यावा, म्हणजे मांडणी पुष्कळ अंशी सावरते. मात्र बारीक सजावट केलेला दस्तऐवज दोन सॉफ्टवेअरमध्ये आलटून-पालटून संपादित करण्याच्या फंदात पडू नये. नुसता वाचायला द्यायचा असेल, तर पीडीएफ करून पाठवावा.

एकच सॉफ्टवेअर ठेवायची वेळ आली, तर मी पासवर्ड सांभाळणारे कीपासएक्ससी ठेवीन. सर्व पासवर्ड एका कूटबद्ध फाइलमध्ये राहतात, ती फाइल आपल्याच संगणकावर असते आणि तिचे केडीबीएक्स हे स्वरूप इतरही अनेक सॉफ्टवेअरना वाचता येते; अँड्रॉइड फोनवर मी तीच फाइल कीपासडीएक्समध्ये उघडतो. या व्यवस्थेची किंमतही आहे: मुख्य पासवर्ड विसरलात, तर तो परत मिळवून देणारे कोणी नाही. हा दोष मानावा की गुण, यावर माझे घरातल्यांशी अजून एकमत झालेले नाही.

पासवर्डची ही फाइल फोनपर्यंत नेण्यासाठी मी उपकरणांमधल्या फाइल एकसारख्या ठेवणारे सिंकथिंग वापरतो. मध्ये कोणाच्या सर्व्हरवर ती साठवली जात नाही, दोन उपकरणेच एकमेकांशी बोलतात; त्यामुळे दोन्ही एकाच वेळी चालू असावी लागतात, हे नवख्याच्या लवकर लक्षात येत नाही. दोन्हीकडे एकाच वेळी बदल झाले, तर ते दुसरी प्रत वेगळ्या नावाने ठेवते आणि त्या दोन प्रती कीपासएक्ससीमध्ये एकत्र करता येतात. सुरुवातीला उपकरणे एकमेकांशी जोडताना मात्र पहिला तासभर डोके खाजवावे लागते.

व्हीएलसीची ओळख करून देणे म्हणजे सूर्याला काजवा दाखवणे. १९९६ मध्ये पॅरिसच्या विद्यार्थ्यांनी सुरू केलेला हा प्रकल्प आजही अर्धवट उतरलेला चित्रपटसुद्धा मुकाट्याने चालवून दाखवतो.

फोटो आणि चित्रे संपादित करणाऱ्या गिंपविषयी माझे मत संमिश्र आहे. फिल्टर लावल्यानंतरही त्यात फेरफार करण्याची सोय २०२५ मध्ये तिसऱ्या आवृत्तीसोबत आली, ही मोठी सुधारणा आहे. पण फोटो नुसता कापायचा किंवा लहान करायचा असेल, तर एवढे अवजड सॉफ्टवेअर उघडण्यात अर्थ नाही.

वरील सर्व सॉफ्टवेअर त्या-त्या प्रकल्पाच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच उतरवून घ्यावीत. मिळत्याजुळत्या नावांची संकेतस्थळे शोधात वर दिसतात आणि तिथल्या फाइलसोबत नको ती सॉफ्टवेअरही गुपचूप बसवली जाऊ शकतात.