ब्रश नळाखाली धुतला तेव्हाच कळायला हवं होतं

आधीच सांगतो, यात माझाही गाढवपणा आहे. माशांच्या टाकीचं वॉटरप्रूफिंग करणारा माणूस माझ्या डोळ्यांसमोर मला फसवत होता आणि मी बाजूला उभा राहून मोबाईलवर त्याचे फोटो काढत होतो.

माझे ऑस्कर मासे फूटभराचे होत आले होते, जुन्या टँकमध्ये त्यांना धड वळता पण येत नव्हतं. एवढ्या मापाचा पूर्ण काचेचा टँक परवडेना म्हणून प्लायवूडची टाकी, फक्त पुढची बाजू काचेची, असं ठरलं. 8 फूट लांब, 3 फूट रुंद, अडीच फूट उंच, म्हणजे साधारण 1700 लिटर, म्हणजे नुसत्या पाण्याचंच वजन 1700 किलो. खालची फ्रेम, मरीन प्लाय (पाण्याला टिकणारं प्लायवूड), काच हे सगळं मी स्वतः बघून घेतलं, त्यात काही गडबड नाही. प्लायचा तुकडा तर घरी तासन्‌तास उकळून बघितला, एक थर सुटला नाही. घोटाळा झाला तो आतल्या वॉटरप्रूफिंगमध्ये, कारण ते मला येत नव्हतं, आणि आपल्याला जे येत नाही तिथेच ही माणसं बरोबर घुसतात.

वॉटरप्रूफिंगवाला म्हणाला, "फूड ग्रेड इपॉक्सी मारू सर, माशांना काही होत नाही, जोडांवर फायबरचं कापड, वर तीन कोट, दहा वर्षं बघायला नको." सोबत सॅम्पलचा तुकडा, काचेसारखा कडक, नखाने ओरखडा पण उठत नव्हता. मी खूष. निम्मा ॲडव्हान्स दिला.

डबे आले ते लेबल नसलेले. का तर म्हणे गोडाऊनमध्ये पाणी शिरलं, लेबलं निघून गेली. वॉटरप्रूफिंगवाल्याचा माल पाण्याने खराब झाला हे ऐकून मला तिथेच हसू फुटायला हवं होतं, पण नाही.

आता नीट वाचा. इपॉक्सी म्हणजे दगडासारखं कडक होणारं कोटिंग, ते दोन भागात येतं, रेझिन आणि हार्डनर, मोजून मिक्स करायचं, आणि एकदा मिक्स केलं की ते आपलं आपण तापायला लागतं आणि थोड्या वेळात बादलीतच दगड होतं, म्हणून लागेल तेवढंच कालवतात. याने एकच बादली उघडली, दिवसभर त्यातूनच मारत राहिला, संध्याकाळी वर प्लास्टिक बांधलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत त्याच बादलीत ब्रश घातला. आणि तो ब्रश रोज जाताना नळाखाली धुवायचा. पाण्याने! इपॉक्सीचा ब्रश पाण्याने निघतच नाही, सॉल्व्हंट लागतं नाहीतर सरळ फेकावा लागतो. बायको म्हणाली सुद्धा, अरे हा तर भिंतीचा रंग धुतल्यासारखा धुतोय. मी तिलाच शिकवलं की हल्लीची केमिकल्स वेगळी असतात. हे वाक्य ती अजून मला ऐकवते.

मग टेस्ट. त्याने टाकीत फूटभर पाणी भरलं, रात्रभर ठेवलं, सकाळी खाली कागद फिरवून दाखवला, "बघा सर, थेंब नाही." त्याने पण फोटो काढले, पाणी काढलं, उरलेले पैसे घेतले, गेला. खरी लबाडी इथे होती आणि ती मला नंतर हिशोब केल्यावर समजली. पाण्याचा भिंतीवरचा एकूण जोर उंचीच्या वर्गाने वाढतो. अडीच फूट पाणी असेल तर 8 फुटी भिंतीला बाहेर ढकलणारा जोर जवळजवळ 700 किलो, आणि फूटभर पाण्याला त्याचा फक्त सहावा हिस्सा. म्हणजे जिथे जोर लागायचा तिथे त्याने टाकी तपासलीच नाही.

टाकी पूर्ण भरली, मासे सोडले, बाराव्या दिवशी मागची भिंत खालून ओली. फोन केला तर म्हणे "घाम आहे सर, पाणी गार असलं की येतो." मग पाणी दुधाळ व्हायला लागलं, ऑस्कर खायचे बंद झाले, कोपऱ्यातला प्लाय फुगला. मग म्हणे सुताराने फ्रेम हलकी बांधली. मग फोन उचलणं बंद. गॅरंटीचा कागद काढून वाचला तर शेवटच्या ओळीत बारीक अक्षरात, स्ट्रक्चर हलल्यामुळे झालेलं लीकेज सोडून. अरे भरलेल्या टाकीची भिंत थोडी तरी बाक घेणारच ना!

दोन मासे गेले, बाकीचे ड्रममध्ये हलवले. टाकी रिकामी करून कोपऱ्यात नख घातलं तर अख्खा पापुद्रा दुधाच्या सायीसारखा उचलला गेला. गच्चीवर मारतात तसलं ॲक्रिलिक कोटिंग. पाऊस पडून वाहून जातो तिथे ते चालतं, कायम बुडून राहिलं की मऊ पडतं. जोडांवर फायबरच्या कापडाच्या जागी मास्किंग टेप. काचेचं सिलिकॉन पण त्या पापुद्र्यालाच चिकटलेलं, प्लायला नाही, त्यामुळे पापुद्रा सुटला की सील गेलंच.

दुसऱ्यांदा सगळं घासून, फुगलेला प्लाय बदलून मी स्वतः केलं. इपॉक्सीचे सीलबंद डबे स्वतः आणले, प्रत्येक वेळी बादलीतलं उरलेलं तसंच ठेवून दुसऱ्या दिवशी दगड झालंय ना ते ठोकून बघितलं, दोन कोटांच्या मध्ये वर येणारा चिकट थर पाण्याने घासून काढला, शेवटच्या कोटनंतर आठवडाभर हात लावला नाही. सिलिकॉन बुरशीरोधक बाथरूमवालं अजिबात घेऊ नका, त्यातलं औषध माशांना विषारी असतं. मग काठोकाठ पाणी भरून, मासे न सोडता, 8 दिवस. तुम्ही काम दुसऱ्याला देणार असाल तर शेवटचा हप्ता या 8 दिवसांनंतरच द्या, आधी मागितला तर काम थांबलं तरी चालेल.

परवा एका ओळखीच्याने मला एक फोटो पाठवला, त्याला तोच माणूस टाकीचं कोटेशन देत होता आणि आपलं काम म्हणून हा फोटो दाखवत होता. माझाच हॉल, माझीच टाकी. झूम करून बघितलं तर पाणी फूटभरच.