आशाताईंच्या घरभेटी : आमच्या बाबूचे बेचाळीस दिवस

लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, ऐन रोवणीत. बाळंतपण दवाखान्यात झालं, बाबू 2 किलो 100 ग्रॅमचा. घरी आल्यावर आशाताईंच्या, म्हणजे गावच्या आरोग्यसेविकेच्या, भेटी सुरू झाल्या. 3, 7, 14, 21, 28 आणि 42 वा दिवस, असा त्यांचा नेम. पैसा एक लागत नाही.

चौदाव्या दिवशी बाबू दूध ओढेना. आदल्या संध्याकाळी एका खाजगी डॉक्टरांनी झबलंही न काढता सर्दी म्हणून बाटली लिहून दिली होती. ताईंनी आधी साबणाने हात धुतले, झबलं वर केलं, घड्याळ धरलं आणि पोटाकडे बघत पूर्ण मिनिटभर श्वास मोजले. 68. "काकू, बोलू नका जी," म्हणाल्या आणि पुन्हा मोजले. 66. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास मिनिटाला 60 किंवा जास्त झाले की न्यूमोनियाची शंका. श्वासासरशी बरगड्यांखाली खड्डा पडत होता, तोही बोटाने दाखवला. 102 ला फोन त्यांनीच लावला, गाडीत लेकीजवळ बसल्या. बाबू आठ दिवस भरती होता.

या घरभेटींचं मूळ आमच्याच गडचिरोली जिल्ह्यात आहे. डॉ. अभय बंग अमेरिकेत सार्वजनिक आरोग्य शिकून आले आणि 1986 मध्ये डॉ. राणी बंग यांच्यासोबत इथे 'सर्च' या आरोग्य संस्थेचं काम सुरू केलं. लहान लेकरं न्यूमोनियाने जात होती. ज्यांना मोठे आकडे मोजता येत नाहीत अशा बायांसाठी त्यांनी वाळूचं घड्याळ आणि मणी लावलेलं साधन केलं, दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. पुढे 39 गावांत शिकवलेल्या बायांनी घरोघरी नवजात बाळं तपासली, जंतुसंसर्ग दिसला तर घरीच इंजेक्शन दिलं. नवजात मृत्यू 62 टक्क्यांनी कमी झाले. 1999 मध्ये ते 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं, 2011 मध्ये देशभरातल्या आशांकडे हे काम आलं. डॉक्टरचं शिक्षण गावच्या बाईच्या हातात देणारा माणूस आमच्या जिल्ह्यात राहिला, याचं मला फार मोल वाटते.

सेवेला पूर्ण गुण. तक्रार एकच. थर्मामीटरचा सेल संपला होता, नवा ताईंनी स्वतःच्या पैशाने आणला. सहाही भेटींचे मिळून त्यांना 250 रुपये मिळतात, त्यातून सेल कशाला? 42 व्या दिवशी बाबू 2 किलो 900 भरला. झोळीत हातपाय इतके झाडत होता की काटा थांबेना, दोनदा वाचावा लागला.