फाईल रावेरहून लावायची की ब्रॅम्प्टनहून?

आमच्याकडच्या परिचय मेळाव्यांत बायोडेटावर शेतीच्या बिघ्यांखाली हल्ली आणखी एक ओळ असते: ‘कॅनडा पीआर’, म्हणजे तिथे कायमचं राहायचा परवाना. उंची, पगार, मामेकुळ सगळं विचारून होतं. मुलगी लग्नानंतर तिकडे कशी आणि कधी जाणार, हे विचारायचं मात्र सुपारी फुटेपर्यंत कुणाला सुचत नाही. माझ्या वेळीही सुचलं नव्हतं. मे महिन्यात रावेरला लग्न झालं, अठराव्या दिवशी नवरा परत गेला. पुढच्या आखाजीला गल्लीतल्या पोरी माहेरी आल्या, झोके खेळल्या, आठ दिवसांत सासरी गेल्या. मी तिथेच होते.

माझी आतेबहीण माझ्याआधी वर्षभर व्हिजिटर व्हिसावर टोरँटोजवळच्या ब्रॅम्प्टनला गेली आणि तिथे राहून तिने फाईल, म्हणजे नवऱ्याच्या जोरावर पीआर मागायचा अर्ज, लावली. माझी फाईल मी रावेरला असताना लागली. म्हणजे दोन्ही रस्त्यांचे चटके एकाच घराने खाल्लेत. यंदा फेब्रुवारीत माझ्या जावेच्या भाचीचं यावल तालुक्यात लग्न झालं. मुलाकडे पीआर आहे. हळद पुरती उतरलीही नव्हती तर तिचा फोन आला, “मावशी, इथून लावू की तिकडे जाऊन लावू?” तिला जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहिते.

दोन्हीकडे जे सारखं आहे ते आधी उरकते. स्पॉन्सर करणारा, म्हणजे बायकोची हमी घेणारा नवरा, कॅनडाचा नागरिक किंवा पीआर आणि अठरा वर्षांवरचा हवा. २०२४ च्या दराने स्पॉन्सरशिप, प्रोसेसिंग आणि पीआरच्या हक्काची फी मिळून १,२०५ डॉलर होतात, बायोमेट्रिक्सचे, म्हणजे बोटांचे ठसे आणि फोटो द्यायचे, ८५ वेगळे. भरण्याआधी चालू दर पाहून घ्या. पीआर मिळाल्या दिवसापासून तीन वर्षं नवऱ्याची हमी असते. त्या काळात बायकोने सरकारी निर्वाह मदत घेतली तर वसुली त्याच्याकडून होते, मध्येच घटस्फोट झाला तरीही. किमान पगाराची अट मात्र नवरा-बायकोच्या फाईलला साधारणपणे नसते. माझ्या सासऱ्यांचा यावर शेवटपर्यंत विश्वास बसला नाही, त्यांनी सातबारा स्कॅन करून ठेवला होता. मुलगा बिजवर असेल तर एक प्रश्न मेळाव्यातच विचारा: त्याला स्वतःला पीआर पहिल्या बायकोच्या जोरावर मिळाली होती का? तशी असेल तर मिळाल्यापासून पाच वर्षं तो नव्या बायकोला स्पॉन्सर करू शकत नाही.

आता फरक. आतली फाईल म्हणजे दोघं कॅनडात एकाच पत्त्यावर राहतात असं दाखवून लावलेली. बाहेरची म्हणजे ‘फॅमिली क्लास’ या वर्गातली, जिला तिथे एकत्र राहण्याची अट नाही. आतेबहिणीने आतली लावली त्याचं कारण सरळ होतं. संसार लगेच सुरू होतो, आणि तेव्हा ओपन वर्क परमिट (कुठल्याही मालकाकडे काम करायची परवानगी) आतल्या फाईलवरच मिळायचं. तिला ते मिळालं, ती एका बेकरीत लागली, घरभाड्याला हातभार लागला. दिवाळीचे फोटो पाहून मी इकडे जळायचे, खोटं कशाला बोलू?

मग तिचे वडील गेले. तिचा व्हिसा एकाच प्रवेशाचा होता, तो केव्हाच वापरून झाला होता. इकडे आली असती तर परत जाण्यासाठी पुन्हा व्हिसा मागावा लागला असता आणि तो मिळेलच याची हमी कोण देणार? आतल्या फाईलचा सगळा पायाच दोघांच्या तिथल्या एकत्र राहण्यावर असतो. बाहेर अडकली की फाईलही पडते. आत्याने फोनवर स्वतःच सांगितलं, “येऊ नको.” दहावा तिने मोबाईलवर पाहिला. आतली फाईल घेणाऱ्या प्रत्येक मुलीने ही किंमत आधी मनात धरावी. घरात आजी-आजोबा थकलेले असतील तर आणखीच.

बाहेरच्या फाईलची किंमत वेगळी. मी रावेरहून जळगावला, जळगावहून रात्रीच्या विदर्भ एक्स्प्रेसने मुंबईला, कधी बायोमेट्रिक्ससाठी, कधी मेडिकलसाठी. मेडिकल कॅनडा सरकारच्या यादीतल्या डॉक्टरकडेच होतं, घरच्या डॉक्टरचं सर्टिफिकेट चालत नाही. जोडीदाराच्या फाईलसाठी त्यांचं बारा महिन्यांचं उद्दिष्ट आहे. माझे चौदा झाले. त्या चौदा महिन्यांत गल्लीतल्या प्रत्येक म्हातारीने विचारलं, “कव्हय जाशी व माय?” ‘आता जायचंच आहे’ म्हणून लग्नाआधीच मी शाळेतली नोकरी सोडली होती. ती माझीच चूक. व्हिसा हातात येईपर्यंत नोकरी सोडू नका.

सासूबाई म्हणायच्या, “त्यालाच बोलवून घे सहा-आठ महिने, इथून करेल काम.” इथे बऱ्याच घरांचा घोटाळा होतो. नवरा नागरिक असेल तर तो बाहेर राहूनही स्पॉन्सर करू शकतो. बायकोला पीआर मिळाल्यावर तिच्यासोबत परत जाणार हे त्याला दाखवावं लागतं. नवरा फक्त पीआर असेल तर त्याने कॅनडातच राहिलं पाहिजे. सुटीत येऊन कानबाईचे रोट खाऊन गेला तर हरकत नाही, बिऱ्हाड इकडे हलवलं तर स्पॉन्सर करण्याची पात्रताच जाते.

वेगाचं गणित आधी जवळपास सारखं होतं. अलीकडे, निदान २०२५ मध्ये तरी, आतल्या फाईली बाहेरच्यांपेक्षा बऱ्याच मागे पडल्या. मुलगा क्युबेकमध्ये असेल तर दोन्ही रस्ते आणखी लांब, कारण त्या प्रांताची स्वतःची वेगळी मंजुरी लागते आणि त्यांनी २०२४ मध्ये अशा अर्जांवर मर्यादाही घातली होती. ‘मुलगा माँट्रियलला आहे’ आणि ‘मुलगा टोरँटोला आहे’ ही दोन स्थळं या बाबतीत एक नव्हेत.

आता मुद्दा अपिलाचा. माझं मत यावरच ठरलं, पण एजंट याबद्दल अवाक्षर काढत नाहीत. बाहेरची फाईल नाकारली गेली तर स्पॉन्सरला तीस दिवसांत इमिग्रेशन अपील डिव्हिजनकडे जाता येतं. तिथे नवे पुरावे चालतात, साक्षी होतात, केस जवळजवळ नव्याने ऐकली जाते. आतली फाईल नाकारली तर हे दार नाहीच. उरतं फेडरल कोर्ट. तिथे आधी परवानगी मागायची, तीही पंधरा दिवसांत, आणि कोर्ट बघणार काय, तर अधिकाऱ्याने निर्णय रीतीने घेतला की नाही एवढंच. तुमचं लग्न खरं आहे हे तिथे पुन्हा पटवून देता येत नाही.

आमच्यासारख्यांना हे जास्त लागू पडतं, कारण आमची लग्नं कागदावर संशयास्पदच दिसतात. बघायला आले, वीस मिनिटं बोललो, कांदेपोहे झाले, पंधरा दिवसांत अक्षता. नियम असा की लग्न खरं नाही किंवा मुख्यतः पीआरसाठी केलंय, यातलं एक जरी अधिकाऱ्याला वाटलं तरी फाईल पडते. अधिकाऱ्यांना ठरवून केलेलं लग्न ठाऊक असतं, पण ते नेमकं कसं ठरलं हे लिहून द्यावं लागतं. एका अर्जात हेच विचारतात: ओळख कुणी करून दिली, पहिली भेट कुठे, लग्नाला कोण कोण होतं. ‘घरच्यांनी ठरवलं’ एवढ्यावर सोडू नका. मेळाव्यातली सूची, मध्यस्थ कोण, साखरपुडा कुठल्या हॉलमध्ये, किती माणसं, नंतर रोज किती वाजता फोन, सगळं लिहा. फोटो वीसपर्यंतच मागतात, तेव्हा स्टेजवर ओळीने उभे राहिलेले वीस फोटो देऊ नका. मी एक दिला होता भरीत पार्टीचा. शेतात वांगी भाजली जातायत, नवऱ्याच्या डोळ्यांत धूर गेलाय आणि मी हसतेय. माझ्या मते तोच सगळ्यांत बोलका होता. आणि हो, फोनवर किंवा व्हिडिओवर लागलेलं लग्न धरत नाहीत, २०१५ पासून तसा नियमच आहे. दोघं एका मांडवात हवेत.

नावांचा गोंधळ हा तर आमचा खास. दहावीच्या सर्टिफिकेटवर वडिलांचं नाव, आधारवर नवऱ्याचं, पासपोर्टवर अजून माहेरचं आडनाव. त्यात लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने नवीन नाव लिहिलं की चौथी व्यक्ती तयार! कॅनडाच्या फॉर्ममध्ये आधीची आणि इतर सगळी नावं विचारतात, तिथे एकही लपवू नका. माझा सल्ला: फाईल लागून पीआर हातात येईपर्यंत नाव बदलूच नका. माहेरच्या नावाचा पासपोर्ट आणि लग्नाच्या नोंदणीचा दाखला, एवढी जोडी पुरते. दाखला मराठीत असेल तर प्रमाणित भाषांतर जोडा. सासरी थोडं ऐकून घ्यावं लागेल, घ्या.

भाचीला मी सांगितला तो तिसराच रस्ता, जो बहुतेकांना माहीत नसतो. फॅमिली क्लासची फाईल लावली म्हणून मुलीने भारतातच बसलं पाहिजे असं कुठेही नाही. फाईल बाहेरची लावायची आणि व्हिजिटर व्हिसा मिळाला तर जाऊन नवऱ्याजवळ राहायचं. २०२३ पासून ओपन वर्क परमिटसुद्धा फॅमिली क्लासवाल्यांना मागता येऊ लागलं आहे. अट एवढी की मुलगी कॅनडात स्पॉन्सरच्या पत्त्यावर राहत असावी आणि तिचा तिथला मुक्काम कायदेशीर असावा. अपिलाचा हक्क राहतो, घरी काही झालं तर येता येतं, आणि परतीचा व्हिसा अडला तरी फाईल चालू राहते. आतेबहिणीने ज्यासाठी आतला रस्ता घेतला होता ते कारणच उरलं नाही.

यातली अडचण व्हिजिटर व्हिसा मिळण्याची. नवरा तिकडे, इकडे ना नोकरी ना मूल, मग मुलगी परत का येईल, असं अधिकाऱ्याला वाटू शकतं. दोन हेतू असणं, म्हणजे आज पाहुणी म्हणून जाणं आणि पुढे पीआर मागणं, त्यांच्या कायद्याला मान्य आहे. ते लपवू नका, पत्रात स्वच्छ लिहा आणि चालू असलेल्या फाईलचा नंबर द्या. आमच्या ओळखीच्या एका मुलीला एजंटाने ‘अविवाहित लिहा, व्हिसा पटकन होतो’ असा सल्ला दिला होता. हे खोटं पकडलं गेलं तर पाच वर्षांची बंदी, आणि ज्या लग्नावर पुढची फाईल उभी राहणार त्याच लग्नावर तुम्हीच काळं फासलेलं. पैसे घेऊन अशी फाईल हाताळायची परवानगी कॅनडाच्या वकिलाला किंवा तिथल्या ‘कॉलेज’कडे, म्हणजे इमिग्रेशन सल्लागारांच्या नियामक संस्थेकडे, नोंदणी असलेल्या सल्लागाराला असते. बसस्टँडसमोरच्या बोर्डाला नसते. आणखी एक, व्हिजिटर म्हणून गेलात तर तिथला दवाखाना स्वखर्चाने. दिवस गेलेले असतील तर हा हिशेब आधी मांडा.

मग आतली फाईल कुणी लावावी? जी आधीच तिथे आहे आणि जिचा व्हिसा संपून मुक्काम बेकायदा झाला आहे, तिने. नवरा-बायकोच्या आतल्या फाईलींना त्या बाबतीत सवलत आहे, बाहेरच्यांना नाही. बाकी कुणी का लावावी हे मला तरी आता सांगता येत नाही.

कॅनडा सोडून दुसरी स्थळं चालून येत असतील तर थोडक्यात. इंग्लंडला एप्रिल २०२४ पासून वर्षाला २९,००० पौंडांच्या उत्पन्नाची अट आहे, आणि बायकोला कायमचा परवाना लगेच नाही, साधारण पाच वर्षांनी. ऑस्ट्रेलियात तात्पुरता आणि कायमचा अशा दोन पायऱ्या, फी नऊ हजार डॉलरच्या वर. तिथेही आतून आणि बाहेरून असे दोन रस्ते आहेत, पण तुम्ही नेमक्या कुठे आहात यावर रस्ता ठरतो. अमेरिकेत नवरा नागरिक असेल तर रांग नाही, ग्रीन कार्डवाला असेल तर आहे. एच-वनवाला, म्हणजे नोकरीच्या व्हिसावरचा, असेल तर ग्रीन कार्डसाठी त्याची स्वतःचीच रांग इतकी मोठी की बायकोचा प्रश्न पुढच्या पिढीने सोडवावा.

भाचीने बाहेरची फाईल ठरवलीय. ती मिळाल्याची पोच आली की व्हिजिटरचा अर्ज. नोकरी सोडलेली नाही, बँकेत जातेय रोज. नोंदणीच्या दाखल्यात तिच्या नावातली एक वेलांटी चुकलीय, ती दुरुस्त करायला सोमवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून जाणार आहे. आईला तिने आत्ताच सांगून ठेवलंय, या आखाजीला झोका बांधून ठेव.